कोनुं काम छे?

पोळीच्या तोंडाशी ओट्यावर एक माजी, म्हणजे आजीबाई, मेथी निवडत बसलेल्या. मांडीवर कालचा पेपर, काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. आम्ही चौघी एफवायच्या, चौघींच्या हातात फोन, कारण कुठल्यातरी रीलमध्ये इथल्या लाकडी खांबांचं कोरीवकाम बघितलेलं. माजींनी मान वर न करताच विचारलं, "कोनुं काम छे?" म्हणजे कोणाकडे आलात. बडोद्यातल्या कुठल्याही पोळीत अनोळखी माणूस शिरला की हा प्रश्न येतोच. आम्ही एकमेकींकडे बघितलं, मग मीच म्हणाले, "कोईनुं नहीं माजी, जोवा आव्या छीए." म्हणजे कोणाकडे नाही, बघायला आलोय. तेव्हा मात्र त्यांनी वर बघितलं. "अहीं शुं जोवानुं?" आणि परत मेथी.

(पोळ म्हणजे खायची पोळी नाही, हे माझ्या पुण्याच्या मामेभावाला दर सुट्टीत सांगावं लागतं. एक तोंड असलेली गल्ली, दोन्ही बाजूंना चिकटून घरं, पूर्वी तोंडाला दरवाजा असायचा आणि रात्री तो बंद व्हायचा.)

त्या दिवशी मला राग आलेला, की एवढं सुंदर कोरीवकाम दारात आहे आणि ही बाई म्हणते इथे बघण्यासारखं काय आहे. आता सात-आठ वर्षांनी वाटतं की बरोबर त्याच होत्या. बघायला येणं हे काही पोळीत शिरायचं कारण होऊ शकत नाही. आपल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर चार पोरी फोन काढून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की काही नाही, तुमचं ग्रिल बघतोय, तर आपण काय करू?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हिवाळा आला की आपल्याकडे एक विषय निघतो, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या मुलांना जुनं शहर दाखवायला पाहिजे, रविवारी सकाळी हेरिटेज वॉक ठेवायला पाहिजे, जमलं तर क्रेडिटसुद्धा द्यायला पाहिजे. हेतू चांगलाच आहे. पण माझं म्हणणं असं आहे की मुलांना शहर दाखवू नका, शहरात काहीतरी काम द्या. जुनं शहर कामाशिवाय उघडत नाही, आणि ते चुकीचंही नाहीये.

आधी अंतर बघा. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटापासून जुन्या शहराच्या मधोमध असलेली मांडवी अडीच-तीन किलोमीटर, फार तर चाळीस मिनिटं चालणं. काळ्या घोड्यापाशी, म्हणजे सयाजीरावांच्या पुतळ्यापाशी, विश्वामित्रीचा पूल ओलांडला की कीर्तिमंदिर, मग कोठी, रावपुरा, सूरसागर, न्यायमंदिर, लेहरीपुरा दरवाजा आणि समोर सरळ मांडवी. पण होस्टेलवाल्या मुलांचं जग पुलाच्या अलीकडेच संपतं, सयाजीगंज, फतेहगंज, फार तर अलकापुरी. आणि होस्टेलवाल्यांना कशाला नावं ठेवू, मी तर बडोद्यातच जन्मले. आजीचं माहेर दांडिया बाजारातल्या वाड्यातलं, पण आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये, त्यामुळे सिटी (जुन्या शहराला आम्ही सिटी म्हणतो) म्हणजे दिवाळीच्या आधी मंगळ बाजारात एक चक्कर आणि परत येताना शेव उसळ. (ती मिसळीची बहीण आहे की मुलगी यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.) कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत हे मला एका बंगाली मुलीने सांगितलं, ती बडोद्यात येऊन तीन आठवडे झालेले आणि मी अठरा वर्षं.

गंमत म्हणजे आपल्या विद्यापीठाची मुळंच शहराच्या कामात आहेत. युनिव्हर्सिटी म्हणून ते १९४९ मध्ये सुरू झालं, पण त्याच्या आधीचा संसार मोठा आहे. बडोदा कॉलेज १८८१ चं, त्याची इमारत चिझमसाहेबाची, म्हणजे रॉबर्ट चिझम, ज्याने पुढे न्यायमंदिर बांधलं आणि मेजर मँटच्या मागे लक्ष्मीविलास राजवाड्याचं राहिलेलं काम पुरं केलं. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणाऱ्या त्या घुमटाखाली आपण लेक्चर बंक करून बसतो ते ठीक, पण खरी गोष्ट घुमटाच्या बाहेरची आहे. सूरसागर तलावाच्या काठावर गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा चालू केली, तिचंच आज म्युझिक कॉलेज झालंय, आणि ते अजून तिथेच आहे, भाजीवाल्यांच्या आणि रिक्षांच्या आवाजात तबल्याचे बोल घोकत. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन काढलं, रंगाई, विणकाम, सुतारकाम, ड्रॉइंग, आणि तेही देशी भाषेतून, कारण शिकणारा पोरगा इंग्रजीवाला नव्हताच मुळी, तो कारागिराच्या घरातला होता. दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. म्हणजे ज्याला आता आपण अप्लाइड, हँड्स-ऑन, स्किल बेस्ड वगैरे म्हणतो ते इथे सव्वाशे वर्षांपूर्वी नुसतं 'कलाभवन' होतं.

आणि लायब्ररी. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन नावाच्या माणसाला बोलावलं आणि त्याने संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं केलं, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्यातलीच, तिथले लोखंडी रॅक आणि काचेची जमीन बघायला लोक लांबून येतात. पण मला ती जमीन कधी दिसली माहितीये का? बघायला गेले तेव्हा नाही. एमएच्या डिझर्टेशनसाठी एक जुनं मराठी पुस्तक पाहिजे होतं आणि ते बाकी कुठेच मिळेना, तेव्हा. खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या पावलांची सावली काचेतून हलताना दिसायची आणि मी पुस्तक सोडून तीच बघत बसायचे. कामाला गेलं की बघणं होतंच, त्याच्यासाठी वेगळं तिकीट लागत नाही.

आता समईची गोष्ट सांगते, कारण माझं मत तिथेच बदललं. आजीची समई, तीन तुकड्यांची, तुकडे एकमेकांत फिरवून बसवायचे, तर मधल्या तुकड्याचे आटे झिजलेले आणि समई सारखी एका बाजूला कलायची. बाबांनी टेफ्लॉन टेप गुंडाळून बघितली, नळाला लावतात ती, दोन दिवस टिकली. आजी म्हणाली, गावात जा, तिथे कोणीतरी झाळून देईल, आणशील ने? (हे 'ने' बडोद्याच्या मराठीतलं, आणि ते लागलं की नाही म्हणता येत नाही.) मी मांडवीच्या मागच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात विचारलं, त्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने एका पोळीत, तिसरं घर, वरच्या मजल्यावर काका बसतात. पोळीच्या तोंडाशी परत तोच प्रश्न. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं, पिशवीतून समईचा तुकडा काढून दाखवला. लगेच एका मुलाला हाक, "अरे, आने उपर लई जा." म्हणजे हिला वर घेऊन जा.

काकांनी तुकडा हातात घेतला, आटे नखाने चाचपले, म्हणाले झाळून उपयोग नाही, परत झिजतील, आतला भाग कापून नवीन आटे पाडावे लागतील, परवा या. परवा गेले तर लेथवाला आलेला नव्हता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी स्टूल सरकवलं आणि चहा मागवला. तीन खेपांमध्ये मी त्या घराचा जिना चढले-उतरले, तो इतका उभा की वरून दोरी सोडलेली आहे धरायला. दुसऱ्या खेपेला काळोखात डोळे सरावले तेव्हा कळलं की ज्या खांबाला धरून मी वळतेय त्यावर वेलबुट्टी कोरलेली आहे, हाताने गुळगुळीत झालेली. खांबाला खिळा ठोकून त्यावर लाइट बिलांचा गठ्ठा अडकवलेला. काका म्हणाले, खांब चांगला आहे, पण वरचं पाणी गळतं, पावसाळ्यात बादली ठेवतो, मुलगा वाघोडिया रोडला घर बघतोय. दीडशे रुपये घेतले. समई अजून सरळ उभी आहे.

कुठल्याही वॉकमध्ये मला तो खांब दिसला नसता. दिसला असता तर खिळा आणि बिलं दिसली नसती, फोटोत ती क्रॉप झाली असती. आणि वरचं पाणी गळतं हे तर कोणी कशाला सांगितलं असतं? हेरिटेज वॉक वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, मी दोनदा गेलेय, एका गाइडने छान माहिती दिली, दुसऱ्याने अर्धी ऐकीव दंतकथा. पण तो कार्यक्रम मुळातच एकतर्फी आहे. वीस माणसं येतात, गल्ली अडते, ज्याचं घर आहे तो बनियनवर दात घासत असतो आणि त्याला कॅमेऱ्यातून बाजूला व्हायला सांगतात. त्याला त्यातून काय मिळतं? पाऊण तासात लोक जातात, त्याचं छप्पर गळतच राहतं.

इथपर्यंत माझा मुद्दा अगदी गोड चाललाय हे मला माहितीये. काम घेऊन जा, दार उघडेल. पण हे शहर इतकं साधं नाही आणि 'कोनुं काम छे' हा प्रश्न नेहमी इतका निरागस नसतो. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर एक तरुण कोलंबियाला शिकायला गेला आणि १९१७ मध्ये परत येऊन करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. भीमराव आंबेडकर. त्यांच्याकडे तर सरकारी काम होतं, खुद्द महाराजांचं. तरी या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं आली, संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला सांगितलं. दोन ओळखीच्यांकडे विचारलं, दोघांनी टाळलं. मग कमाटी बागेत बसून राहिले रात्रीच्या गाडीपर्यंत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ती बाग, म्हणजे आताचं सयाजीबाग, युनिव्हर्सिटीच्या शेजारी, आपण तिथे फिरायला आणि शेंगदाणे खायला जातो. तिथे आता संकल्पभूमी म्हणून स्मारक आहे, तर मुलांना शहर शिकवायचं असेल तर पहिला धडा पोळीतला नाही, तिथला असावा असं मला वाटतं, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांनी तेव्हा त्यांच्यासाठी दार उघडलं असतं का, हाही प्रश्न त्या धड्यात पाहिजे. आपण सयाजीरावांचं कौतुक करताना स्कॉलरशिपपाशी थांबतो. पुढची खोलीची गोष्ट सांगत नाही.

आणि ते शंभर वर्षांपूर्वीचं झालं असंही नाही. आजसुद्धा रूम शोधणाऱ्या मुलांना आडनाव आधी विचारलं जातं, खाणंपिणं विचारलं जातं, तो त्याच प्रश्नाचा दुसरा अवतार. सिटीतल्या काही भागांना अशांत धारा लागू आहे, म्हणजे तिथलं घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी लागते. मग कुठल्या पोळीत कोण राहतं आणि कोण राहू शकत नाही हे कोरीव खांब बघून कळत नाही, तिथे चार महिने येणंजाणं असलं तर कळतं. मला वाटतं वॉक याच कारणाने सगळ्यांना आवडतात, त्यात हे कळायची सोय नसते.

मग काम म्हणजे नक्की काय, असं विचाराल. माझ्या डोक्यात फार मोठं काही नाही. सिव्हिलच्या मुलांनी एका घराचं गळणारं छप्पर, भिंतीची भेग मोजावी, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि मालकाला साध्या गुजरातीत किंवा मराठीत लिहून द्यावं की हे एवढ्यात दुरुस्त होईल आणि हे नाही, याला तज्ज्ञ बोलवा. लॉच्या मुलांना जुन्या भाडेकरूंची आणि मालकांची भांडणं मिळतील, प्रत्येक वाड्यात एक तरी आहेच. आणि मराठीची मुलं! बडोद्याचं जुनं दफ्तर मोडीत आहे, सरकारी तर आहेच पण किती घरांत माळ्यावर मोडी कागदांची पेटी पडलेली असते, कोणाला वाचता येत नाही म्हणून वाळवीला सोडलेली. एका सेमिस्टरमध्ये मोडी शिकून एका घरातले दहा कागद वाचून द्या, म्हणजे ते काय आहेत, जमिनीचे कागद की किराणा मालाची यादी, एवढं त्या घरच्यांना सांगा. मी पैज लावते की त्या घरात त्या मुलीला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. फाइन आर्ट्सवाल्यांना मी काही सांगत नाही, ते आधीपासूनच सिटीत फिरतात, कोणाला लाकूड पाहिजे, कोणाला ओतकाम, आणि म्हणूनच बाकीच्यांपेक्षा त्यांना शहर जास्त माहीत असतं, कोणी त्यांना वॉकला नेलं म्हणून नाही.

यावर एक आक्षेप बरोबर आहे. कंपल्सरी केलं की सगळ्याचं सोंग होतं. एका कॉलेजात माझ्या मैत्रिणीला असाच एक सर्व्हे होता, शंभर घरांचे फॉर्म भरायचे, तर त्यांनी कँटीनमध्ये बसून शंभर घरं वसवली, नावं नातेवाइकांची टाकली. सर खूश, मार्क फुल. म्हणून मी म्हणते की शंभर घरं नकोच. एक घर, एक दुकान, एक तालीम. जुम्मादादा व्यायाममंदिरात पोरं अजून मल्लखांब करतात, तिथे स्पोर्ट्स सायन्सवाला एक मुलगा रोज सकाळी सहाला गेला तर पुरे. आणि मार्क त्या घरच्या माणसाला विचारून द्यावेत, याने तुमचं काही काम केलं का, हो की नाही. फॉर्म खोटा भरता येतो, काकांना 'हो' म्हणायला लावणं अवघड आहे.

दुसरा आक्षेप मुलींचा, की सिटीत एकट्या मुली कशा जाणार. मला विचाराल तर मला अलकापुरीत रात्री जास्त भीती वाटते. पोळीत कोण आलं कोण गेलं याचा हिशोब ओट्यावर ठेवलेलाच असतो. त्याचा जाच ज्या मुली तिथेच राहतात त्यांना होतो, ती गोष्ट वेगळी, आणि मोठी.

तिसरं मात्र आपल्याच लोकांबद्दल, मराठी बडोदेकरांबद्दल. आपण वारसा म्हणून खूप गळा काढतो. नजरबाग पॅलेस पडला तेव्हा काढला, आता न्यायमंदिर कोर्ट गेल्यावर रिकामं झालं म्हणून काढतो. २०१८ मध्ये साहित्य संमेलन बडोद्यात झालं तेव्हा तर गायकवाडी काळावर किती भाषणं झाली. पण दांडिया बाजारातले वाडे बिल्डरला कोणी दिले? आजीच्या भावांनीच दिला की तिचा. त्यांना दोष देत नाही, पाच भावांत एक वाडा, संडास मागच्या अंगणात, गुडघे गेलेले, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. तांबेकर वाडा, म्हणजे दिवाण तांबेकरांचा, पुरातत्त्व खात्याकडे आहे म्हणून त्याच्या भिंतींवरची महाभारतातली युद्धं आणि कृष्णलीला अजून बघायला मिळतात, नाहीतर तिथेही आतापर्यंत तळमजल्याला मोबाइलचं दुकान असतं. प्रत्येक वाडा काही सरकार घेऊ शकत नाही. पण दिवाणाचा वाडा नसलेल्या घरात म्हाताऱ्या माणसाला जिना कसा चढता येईल एवढा प्रश्न तरी आर्किटेक्चरच्या पोरांनी सोडवावा, तो कुठल्याही थीसिसपेक्षा अवघड आहे.

मेथीवाल्या माजींकडे मी आता येतेजाते. समईवाल्या काकांच्या पोळीच्या शेजारचीच त्यांची पोळ निघाली. एमए संपलं, नोकरी स्टेशनच्या बाजूला लागली, पण महिन्यातून एकदा काहीतरी निमित्त निघतंच, कधी आजीचं, कधी ऑफिसातल्या कोणाचं. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, 'समईवाळी' म्हणतात. मागच्या शनिवारी निघताना त्यांनी थांबवलं, आत जाऊन रुमालात गुंडाळलेला चष्मा आणला. "तुं रावपुराथी जाय छे ने? आनी दांडी तूटी गई छे, करावी आपजे." मी रावपुऱ्यात गेले तोपर्यंत दुकानवाला शटर ओढत होता, म्हणाला स्क्रू नाही, पूर्ण दांडीच बदलावी लागेल, या रंगाची मंगळवारी येईल. चष्मा माझ्या पर्समध्ये आहे. माजी तोपर्यंत मेथी कशी निवडतायत कोण जाणे.